नवी गाडी, पहाटेची थंडी आणि बाबांचा चोक

पत्र थोडक्यात असं: नाशिकच्या म्हसरूळला राहणारे एक वाचक अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. वय २९. दसऱ्याला हप्त्यांवर दीडशे-एकशेसाठ सीसीची नवी मोटारसायकल घेतली, नवश्या गणपतीला नेऊन पूजा केली. थंडी पडायला लागली आणि रोजचा एक खेळ सुरू झाला. पहाटे पावणेसहाला सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, मिनिट-दीड मिनिट बरी चालते आणि मग हळूच मान टाकते. पुन्हा सुरू केली की पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला टिकते. दुपारी घरी येताना काही त्रास नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला सांगितलं तर ‘नवीन आहे, रुळेल’ असं उत्तर मिळालं. बाबांनी जुनी गाडी पंचवीस वर्षं वापरली. ते रोज गॅलरीतून बघतात आणि ‘चोक नसलेली गाडी घेतलीसच कशाला’ म्हणतात. आई म्हणते, नंबरची बेरीज आठ येते. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, ‘स्लो वाढवून देतो, पाच मिनिटांचं काम.’ मित्र म्हणतो, ग्राहक मंचात खेच. वाचकांचा प्रश्न: गाडी बदलून मागू, मिस्त्रीकडे देऊ, की हप्ते चालू असतानाच विकून टाकू? ता. क.: पुढे दोन जादा एलईडी लाइट आणि चोरीचा अलार्म बसवून घेतलाय, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

*

तुमचं पत्र वाचलं आणि मग जरा चावटपणा केला, ओळी मोजल्या. बाबा काय म्हणतात यावर अकरा ओळी. आई, मिस्त्री आणि मित्र मिळून सात. गाडी नेमकी कशी बंद पडते यावर दोन. आणि मला सगळ्यात जास्त कामाची वाटलेली ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत, तीही ‘संबंध नसावा’ असं म्हणून.

यात तुम्हाला दोष देत नाही. हप्त्यांवर घेतलेली वस्तू घरच्यांसमोर बंद पडते तेव्हा त्रास गाडीपेक्षा गॅलरीतल्या माणसाचा जास्त होतो. पण गाडी बदलायची की विकायची हे ठरवण्याआधी ती बंद का पडते हे कळायला हवं, आणि त्यासाठी त्या दोन ओळींच्या दहा ओळी कराव्या लागतील.

आधी बाबांच्या चोकबद्दल. त्यांची गाडी कार्ब्युरेटरची. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. घरात पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे लगेच कळेल. काकडा पेटवून बर्नर तापवल्याशिवाय पंप मारला की पिवळा जाळ यायचा, भडका व्हायचा आणि स्टोव्ह विझायचा. रॉकेल तेच, स्टोव्ह तोच. फक्त वाफ होण्याइतकी उष्णता नसायची. तुमच्या गाडीतही पहाटे हेच घडतं. फरक इतकाच की चोक ओढायचं काम आता माणसाकडे नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाबाबतचे बीएस-६ चे नियम आले आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला. इंजिन किती गार आहे हे एक सेन्सर बघतो, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारी कॉम्प्युटरची पेटी, त्याप्रमाणे जास्त पेट्रोल सोडतो आणि स्लोही, म्हणजे मूठ न पिळता इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तोही, थोडा चढा ठेवतो. इंजिन तापेल तसं दोन्ही कमी करत जातो. थोडक्यात, चोक आहे. ओढणारा हात बदललाय. बाबांना हे असंच सांगून बघा. जुन्या गाडीवाल्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हटलं की राग येतो, ‘तुम्ही करायचात ते आता ही पेटी करते’ म्हटलं की त्यांना त्यात रस वाटतो.

आता तुमच्या दोन ओळींकडे येतो. गाडी पहिल्या दोन सेकंदांत बंद पडत नाही, पहिल्याच सेल्फला लागते, मिनिट-दीड मिनिट टिकते आणि मग जाते. म्हणजे चढा स्लो हळूहळू खाली येतो त्या उतारावर ती घसरते. निदानाची निम्मी वाट इथेच संपते, कारण गाडी कोणत्या क्षणी बंद पडते त्यावर कारणं बदलतात. तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी बहुधा घाईची शिकार असते. किल्ली फिरवल्यावर टाकीतला पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद बारीक ‘झिईं’ असा आवाज करून दाब तयार करतो. तो आवाज थांबायच्या आत सेल्फ दाबला, आणि वर ॲक्सिलरेटर पिळला, की पहाटेच्या थंडीत ती बिघडते. पहिला गिअर टाकताच बंद पडत असेल तर आधी साइड स्टँड बघा. आजकाल बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर पडला की इंजिन बंद होतं, आणि त्या स्विचवर चिखल बसला किंवा तो सैल झाला तर स्टँड वर असूनही तसंच होतं. क्लचच्या लिव्हरला नीट प्ले (ढील) नसेल तरी हाच अनुभव येतो. थंडीत तेल घट्ट असतं, क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि गिअर पडताना गाडी धक्का खाऊन थांबते. चांगली दहा-पंधरा मिनिटं चालून मग बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र तपासा. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला की समजायचं. आणि काही गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोयच असते. तिचं बटण चालू राहून गेलं आणि माणूस गाडी बिघडली म्हणून गॅरेजला गेला, असं कितीदा तरी होतं. हसू नका. मी स्वतः एकदा द्वारकेपासून मुंबई नाक्यापर्यंत गाडी ढकलत नेली आहे, आणि तिथल्या चहावाल्याने न बोलता अंगठ्याने हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच वर केला होता.

तुमचा प्रकार यातला नाही. तुमच्याकडे मला तीन संशयित दिसतात, आणि पहिला तुम्हीच.

गाडी गरम करताना तुम्ही मधेमधे रेस देता असं लिहिलंय. ही बाबांची सवय, आणि त्यांच्या गाडीला ती चालत होती. तुमच्या गाडीत ईसीयू स्लो सांभाळत असताना तुम्ही मूठ पिळता, तो स्लोचं काम सोडून रेसचं काम बघायला लागतो. मग तुम्ही मूठ एकदम सोडता, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा झपकन खाली येतो आणि गार इंजिन त्या खड्ड्यातून वर येत नाही. म्हणून एक आठवडा एवढंच करा: किल्ली फिरवा, पंपाचा आवाज थांबू द्या, मुठीला हात न लावता सेल्फ मारा, आणि हात खिशात ठेवा. अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. मग गिअर टाकून निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर शांत चालवा. दिंडोरी रोडला लागून पंचवटीपर्यंत येता येता गाडी जितकी तापेल तितकी पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभी करून तापत नाही.

इथे एका समजुतीबद्दल बोलायला हवं. गाडी उभी ठेवून ‘चांगली गरम’ करायची ही पद्धत तुम्ही गृहीत धरली आहे, म्हणून ती गरम होताना बंद पडते हा मोठा प्रश्न झालाय. ऑइल वर पोचायला काही सेकंद लागतात, त्याला पाच मिनिटं नकोत. उलट गार इंजिन स्लोवर बराच वेळ चालवलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. शिवाय तुमचं पार्किंग इमारतीखाली, वर लोकांच्या बेडरूमच्या खिडक्या; तो धूर कुणाच्या तरी नाकात जातोच, आणि तीन बाजूंनी बंद जागेत तर कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही असतो. पण म्हणून तुमची गाडी निर्दोष ठरते असं नाही. हात न लावता दीड मिनिट स्लोवर चालणं हे कुठल्याही नव्या गाडीला जमलंच पाहिजे. हात खिशात ठेवूनही ती बंद पडली तर दोष तुमचा नाही.

दुसरा संशयित ता. क. मधला. जादा लाइट आणि अलार्म. अलार्म रात्रभर बॅटरीतून थोडं थोडं खातो. पहाटे थंडीत बॅटरीचा जोर आधीच कमी. सेल्फने आणखी एक घास घेतला. २०१७ पासून हेडलाइट तर इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो, त्यात तुमचे दोन एलईडी. स्लोवर मॅग्नेटो, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, एवढ्या सगळ्याला पुरेसा करंट देईलच असं नाही, आणि याच विजेवर पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि ईसीयू चालतात. जुनी गाडी बॅटरी उतरली तरी किक मारून चालायची. ही चालत नाही. त्यातून लाइट बसवणाऱ्याने मूळ वायर सोलून जोड मारला असेल तर तो जोड थरथरीने सैल होतो, आणि बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावताना अर्धंच आवळलं असेल तर आणखी गोंधळ. म्हणजे हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. दुपारी त्रास नाही हे दोन्हीकडे बसतं: दुपारी इंजिनही गरम आणि बॅटरीही भरलेली. पण तपासायला सगळ्यात सोपं आणि स्वस्त हेच आहे. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर असतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, १२.२ च्या खाली असेल तर ती उपाशी आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला की चार्जिंग ठीक. मग लाइट आणि अलार्म काढा, जोड मूळच्यासारखे करून घ्या, आणि तीन पहाटे बघा. थांबली तर कोडं सुटलं. नाही थांबली तरी एक फायदा आहे: सर्व्हिस सेंटरला ‘बाहेरून वायरिंग केलंय, वॉरंटी बसत नाही’ म्हणायला जागा राहत नाही. विचारलं तर मात्र सरळ सांगा की बसवले होते, काढले. लपवू नका.

तिसरा संशयित गाडी स्वतः. स्लोची हवा सांभाळणारा छोटा वाल्व्ह चिकटत असेल. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) रबराचा क्लॅम्प सैल असून तिथून फाजील हवा घुसत असेल. टॅपेट, म्हणजे वाल्व्हची फट, पहिल्या सर्व्हिसिंगला तपासलेच नसतील. किंवा तापमानाचा सेन्सर खोटं बोलत असेल, आणि हे मला सगळ्यात रोचक वाटतं. पहाटे इंजिन दहा अंशांवर असताना सेन्सर जर ‘पन्नास’ सांगत असेल तर ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी सोडणार. बिचाऱ्याला दुसरं काही कळायला मार्गच नाही. हे तपासायला एक साधी युक्ती आहे: रात्रभर उभी असलेली गाडी स्कॅनरला (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या यंत्राला) जोडून, सुरू करण्याआधी, फक्त किल्ली फिरवून इंजिनाचं तापमान वाचायचं. ते बाहेरच्या हवेइतकंच असायला हवं. नसेल तर चोर सापडला.

पेट्रोलवरही लोक खापर फोडतात. आता त्यात इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. ओलसर सरपण जरा उशिरा धरतं तसंच. पण तुमची गाडी हे पेट्रोल गृहीत धरूनच बनवलेली आहे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, म्हणून एकदा दुसऱ्या, गर्दी असणाऱ्या पंपावर भरून बघा. त्यापलीकडे त्यात अडकू नका.

मग सर्व्हिस सेंटर ‘रुळेल’ का म्हणालं? त्यांची बाजू घेत नाही, पण विचार करा: तुम्ही गाडी नेली असणार सकाळी दहा-अकराला, म्हसरूळहून चालवत. तिथे पोचली तेव्हा ती छान तापलेली होती. सुरू केली, चालली, काट्यात फरक नाही, डॅशवर बिघाडाचा पिवळा दिवा नाही. त्यांनी आजार पाहिलाच नाही. तापाचा पेशंट ताप उतरल्यावर नेण्यासारखं झालं ते.

म्हणून माझा खरा आग्रह एकाच गोष्टीचा: गाडी संध्याकाळी नेऊन रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळी त्यांच्या मेकॅनिकनेच, तुमच्यासमोर, पहिला सेल्फ मारावा. त्या दिवशी सुट्टी टाका किंवा दुसरी पाळी घ्या. आधीच्या तीन-चार पहाटेंचे मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, काटा आणि घड्याळ दोन्ही दिसतील असे, सलग, न कापता. जॉब कार्डवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ असं मोघम लिहू देऊ नका. तुमची गाडी सुरू तर पहिल्या झटक्यात होते! लिहून घ्या: ‘रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सुरुवातीनंतर १ ते दीड मिनिटात स्लोवर बंद पडते, दुपारी नाही.’ आणि विचारा: ईसीयूने नोंदवलेले जुने फॉल्ट कोड बघितले का, गार इंजिनाचं तापमान स्कॅनरवर किती दिसलं, इनटेकचा क्लॅम्प आणि टॅपेट तपासले का, ईसीयूचं सॉफ्टवेअर नवं आलंय का. चार प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला ‘रुळेल’ सांगणं अवघड जातं. जॉब कार्डची प्रत जपून ठेवा, काम झालं नाही तरी. उलट तेव्हा तर नक्कीच.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीबद्दल. तो लबाड आहे असं मला वाटत नाही, आणि प्लग, चेन, ब्रेक यांसाठी मी स्वतः अशाच एकाकडे जातो. पण स्लो वाढवणं म्हणजे तापावर गोधडी टाकणं. गाडी कदाचित बंद पडणार नाही, पण मूळ दोष झाकला जाईल आणि सर्व्हिस सेंटरलाही तो दिसणार नाही. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत स्लो ईसीयूच ठरवतो, आणि थ्रॉटल बॉडीवरचा तो स्क्रू कारखान्यातून सील होऊन आलेला असतो. ते सील तुटलं की वॉरंटीचं बोलणं संपलं.

ग्राहक मंचाचं म्हणाल तर तो दरवाजा उघडा आहे, पण शेवटचा आहे. २०१९ च्या कायद्यानंतर त्याचं नाव जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी कंपनीला, नुसत्या शोरूमला नव्हे, लेखी ई-मेल, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. यातच बरेचदा काम होतं. अख्खी गाडी बदलून मिळायला मात्र उत्पादनातला दोष सिद्ध करावा लागतो. दोन-तीनदा दुरुस्तीची संधी देऊनही दोष राहिला हे कागदावर दिसावं लागतं. आज तुमच्याकडे एकही कागद नाही. म्हणून आत्ता जॉब कार्डच जमवा. पुढे लढायची वेळ आली तर तेच हत्यार, आणि नाही आली तर त्याच कागदांवरून गाडी बरी झालेली असेल.

विकण्याचा विचार या थंडीपुरता तरी बाजूला ठेवा. नवी गाडी वर्षाच्या आत विकताना किंमत पडते, कर्ज फेडून आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवावा लागतो, आणि घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की इतक्या लवकर का विकताय. तेव्हा खरं सांगितलंत तर भाव मिळणार नाही, आणि खोटं सांगणं तुमच्या स्वभावात दिसत नाही.

आईंच्या आठाबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की गाडी दुपारी व्यवस्थित चालते, आणि दुपारीही नंबरची बेरीज आठच येते. हे हसत सांगा, वाद घालू नका. वाटल्यास शनिवारी मारुतीला नारळ फोडा. वायरिंगला त्याने काही होत नाही.

बाबांना मात्र कामाला लावा. ते पहाटे उठतातच, आणि गॅलरीत उभे असतातच. त्यांना खाली बोलवा, हातात वही द्या. बाहेर किती थंडी, किती सेकंदांनी बंद पडली, काटा कुठे होता, कितव्या सेल्फला टिकली, हे त्यांनी लिहायचं. तुम्ही मुठीला हात लावलात तर ओरडायचं कामही त्यांच्याकडेच. पंचवीस वर्षं एक गाडी सांभाळलेल्या माणसाचा कान तयार असतो; इंजिन मरायच्या आधी सूर बदलतं ते तुमच्याआधी त्यांना कळेल. ती वही घेऊन, जमलं तर त्यांनाही घेऊन, सर्व्हिस सेंटरला जा.

आणि हो, त्या संध्याकाळी गाडी नेताना टाकी गळ्यापर्यंत भरू नका. आता टाकीतली वाफ साठवायला एक डबा बसवलेला असतो, काठोकाठ भरलं की पेट्रोल त्यात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी वेगळ्याच कारणाने घुटमळते. त्यांना एकच आजार दाखवायचाय, दोन नाहीत.